टेगवेनचं दाताळं

इडवल प्रॉसर मास्तरांनी चौदा माणसं समुद्राच्या जबड्यात नेऊन उभी केली, ती एका तासाच्या बेरजेपायी. बेरीज बरोबर होती. फक्त ती करायची नव्हती.

अबरग्रो या किनाऱ्यावरच्या गावात भरती-ओहोटीच्या वेळांचं एक पिवळं चोपडं औषधांच्या दुकानात फुकट मिळतं. त्यातल्या वेळा हिवाळी घड्याळाच्या. मार्चअखेर घड्याळं तासभर पुढे सारली, की ऑक्टोबर संपेपर्यंत प्रत्येक आकड्यात गावानं मनातल्या मनात एक तास मिळवायचा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. इथल्या पोराला स्वतःचं नाक पुसता यायच्या आधी हा तास मिळवता येतो. पण बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांना हा शुद्ध अडाणीपणा वाटे. “बाहेरगावचा माणूस हे चोपडं वाचून बुडायचा एखादा!” म्हणत त्यांनी गावपत्रिकेत लागोपाठ चार पत्रं लिहिली. चौथ्या पत्राला छापणारा शरण आला. यंदा त्यानं तो तास आधीच मिळवून दिला आणि चोपड्याच्या मुखपृष्ठावर बोटभर जाडीच्या अक्षरांत तसं जाहीर केलं. मास्तरांनी त्या मुखपृष्ठाची चौकट करून भिंतीवर लावली नाही, एवढंच.

आणि सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी, ऐन उधाणाच्या दिवशी, न्याहारीच्या टेबलाशी एका हातात टोस्ट धरून त्यांनी चोपडं उघडलं. ओहोटी बारा वीस. दुसऱ्या हातानं आपणहून लिहिलं, एक वीस. साठ वर्षांची सवय. हात काही गावपत्रिका वाचत नाही.

मास्तर किनारवाटेचे अधिकृत मार्गदर्शक होते. कोटावर पक्षी कोरलेला पितळी बिल्ला. पत्नी मेन्ना गेल्यापासून त्यांचा आठवडा म्हणजे सहा दिवस शनिवारची वाट बघणं. ते पाहुण्यांना कड्यावरच्या वाटेनं न्यायचे, चुन्याच्या पडक्या भट्ट्या दाखवायचे, किल्ल्याचा उरलेला एक दात दाखवायचे आणि शेवटी ओहोटीला वाळूवरून इनिस-वेनच्या खडकावर. तिथं एका संताची दगडी खोली आहे, छप्पर नसलेली. चाच्यांनी त्या संताचं डोकं नक्की कुठं आणि कसं उडवलं, हे मास्तर अभिनयासह सांगत. त्यांच्या इतिहासात रक्त भरपूर असे. त्या दिवशी तर त्यांनी डोकं दोनदा उडवून दाखवलं, कारण मागच्या रांगेतल्या एका बाईंना पहिल्यांदा नीट दिसलं नव्हतं.

खडकावरून मंडळी उतरली तेव्हा सव्वादोन झाले होते. मास्तरांच्या मते ओहोटी होऊन जेमतेम तास. समुद्राच्या मते दोन तास.

समोरून येणारा समुद्र सभ्य म्हणायचा. तो दिसतो, गर्जतो, माणसाला पळायला वेळ देतो. अबरग्रोचा समुद्र मागून येतो. खडक आणि किनारा यांच्या मधोमध वाळूत एक लांबलचक खोलगट नळा आहे, तो आधी भरतो. बिनबोभाट. तुम्ही क्षितिजाकडे बघून “अहाहा” म्हणत असता, आणि तुमच्या पाठीमागे घरची वाट बंद झालेली असते. मग वाळू खालून पाणी पिऊ लागते आणि कालपर्यंत जिच्यावरून ट्रॅक्टर जात होता ती जमीन खिरीसारखी हलायला लागते.

मंडळी नळ्यापाशी आली तेव्हा पाणी पोटरीला होतं. मधोमध पोहोचली तेव्हा मांडीला. लाटांना आता जोर होता. एकीनं एका बाईंना आडवं केलं, दुसरीनं त्यांचा चष्मा, टोपी आणि आवाज नेला.

“घाबरू नका!” मास्तर सर्वांच्या पुढे हात वर करून ओरडत होते. “अजून अर्धा तास आहे हातात! माझं गणित आहे!”

आणि तेवढ्यात उत्तरेच्या वाळूच्या दांड्यावरून टेगवेन हॅवर्ड धावत आली.

अडुसष्ट वर्षांची बाई. कमरेपर्यंत रबरी बूट, डोक्याला शाल घट्ट बांधलेली, खांद्यावर दोराचं वेटोळं आणि हातात शिंपल्या उकरायचं लोखंडी दाताळं. गावात धंद्यावरून नाव पडतं. पाववाला ग्लिन, शवपेटीवाला एमलिन, तशी ही टेगवेन-दाताळं. मात्र तोंडावर सगळे तिला बोपा म्हणत. थोरल्या शेजारणीला इथं बोपा म्हणायची पद्धत आहे, आणि टेगवेनला दुसरं काही म्हणायची छाती कोणाची नव्हती. शेवटची गोणी भरत असताना तिला नळ्यात चौदा रंगीबेरंगी टोप्या दिसल्या होत्या. गोणी तिथंच टाकून ती निघाली होती.

“हला! हला रे मुडद्यांनो! उभं राहू नका!”

पण भ्यालेला माणूस उभाच राहतो. आणि त्या वाळूत जो उभा राहिला तो दहा मोजेपर्यंत घोट्याला जातो, तीस मोजेपर्यंत गुडघ्याला, मग मोजायचं कारण उरत नाही. टेगवेननं मोजलं नाही. तिनं दाताळं उलटं धरलं आणि दांड्यानं झोडायला सुरुवात केली.

पहिला फटका कॅमेरेवाल्या बाईंच्या बसायच्या जागी. “फोटो वर गेल्यावर काढ! चाल!” दुसरा एका डॉक्टरांच्या पोटरीवर. तिसरा डॉक्टरांच्या पत्नीच्या दंडावर, कारण ती नवऱ्याला का मारलं म्हणून विचारायला थांबली. एक तरुण जोडपं एकमेकांना मिठी मारून रडत होतं. त्यांना तिनं एकाच फटक्यात वेगळं केलं. “लग्न किनाऱ्यावर करा!” पाठीत, खांद्यावर, कुल्ल्यांवर सपासप दांडा पडत होता. माणसं किंचाळत होती, शिव्या देत होती आणि चालत होती.

फक्त व्हिटकोम नावाचे एक गृहस्थ चालत नव्हते. चेल्टनमचे, सहा फूट दोन इंच, दोन्ही हातांत चालायच्या काठ्या. आयुष्यभर कुठल्याशा मंडळाचं अध्यक्षपद भूषवल्यानं गर्दीला मार पडत असताना मधोमध उभं राहून हरकत घ्यायची त्यांना सवय होती.

“बाई, हा काय प्रकार आहे? मार्गदर्शक म्हणतात, अर्धा तास—”

तोवर ते मांडीपर्यंत गेले होते. मग मात्र त्यांनी काठ्या टाकल्या आणि समोर आलेली पहिली वस्तू दोन्ही हातांनी आवळली. ती टेगवेनची मान होती. दोघं एकदम खाली गेली. वरून लाट गेली. वर आली तेव्हा तिचा चेहरा जांभळा झाला होता आणि त्याची पकड सुटत नव्हती. टेगवेननं मान मागं घेतली आणि कपाळ त्याच्या नाकावर हाणलं. मोडल्याचा आवाज लाटांतूनही ऐकू आला. तरी एक हात सुटेना. तिनं दांडा दोन्ही हातांत धरून त्याच्या गळ्याच्या हाडावर घातला. हात सुटला. दाताळ्याचे दात त्याच्या पाठपिशवीच्या पट्ट्यात अडकवले, दोर बांधला, आणि नुकत्याच मार खाल्लेल्या आठ जणांनी अडलेल्या गाईचं वासरू ओढावं तसा तो मोठा माणूस वाळूतून आडवा ओढून काढला. बूट, मोजे आणि विजार समुद्रानं ठेवून घेतली.

चौदाच्या चौदा जिवंत. मागं वळून पाहिलं तर नळ्याच्या जागी नुसता फेस उसळत होता.

बंधाऱ्यावर पोलीस आला, घोंगड्या आल्या, गोड चहा आला. व्हिटकोमसाहेब रक्तातून बोलले, “ह्या बाईनं मला मारलं. विनाकारण. मार्गदर्शकाला विचारा.”

पोलिसानं मास्तरांना विचारलं, “काय हो सर, जिवाला धोका होता का?”

मास्तरांचे दात वाजत होते. पण बत्तीस वर्षं लोकांच्या वह्यांवर लाल शाई चालवलेला माणूस. दात वाजतानासुद्धा तोंडून उत्तर बरोबरच निघायची सवय. “माझ्या गणितानं,” ते म्हणाले, “किमान अर्धा तास हातात होता.”

पोलिसानं लिहून घेतलं. मास्तरांनी सही केली.

घरी येऊन ओला कोट खुंटीला लावताना खिशातलं चोपडं जमिनीवर पडलं. मुखपृष्ठ वर करून. बोटभर जाडीची अक्षरं भिजून आणखीच फुगली होती.

*

टेगवेन हॅवर्ड माणसांना मारते, ही गोष्ट अबरग्रोत कोणाला बातमी वाटत नाही. सूर्य पश्चिमेला मावळतो, टेगवेन मारते.

ती नऊ वर्षांची असताना आईबरोबर वाळूवर गेली होती. तेव्हा ट्रॅक्टर नव्हते. गाढवांच्या पाठीवर गोण्या लादून बायका मैलोन्‌मैल आत जात. त्या दिवशी धुकं उतरलं. असं धुकं, की स्वतःच्या हातातली चाळण दिसू नये. पुढे तिची मामी मेरी-जेन गाढव घेऊन चालत होती. आधी गाढव ओरडलं, मग मामी ओरडली, मग दोघंही ओरडायची थांबली. टेगवेन मटकन खाली बसली. आईनं तिला उचललं नाही. पाठीवर गोणी होती आणि तीन मैल जायचं होतं. आईनं दोराचं टोक दुपदरी केलं आणि मारायला लागली. पोर बसली की फटका, रडायला थांबली की फटका. तीन मैल. घरी पोहोचल्यावर चुलीपाशी आईनं तिची पाठ उघडी केली, सगळे वळ मोजून पाहिले, प्रत्येकावर लोणी चोळलं आणि मग स्वतः भिंतीवर डोकं आपटून रडली. टेगवेन हे सांगायची ते असं: “एकेचाळीस होते. एकही जास्तीचा नव्हता.”

एकोणिसाव्या वर्षी जत्रेत मुष्टियुद्धाचा तंबू आला. तीन फेऱ्या उभं राहणाऱ्याला बक्षीस. गावातले सात जवान पालथे पडल्यावर टेगवेन दोरीखालून आत शिरली. एलिस हॅवर्ड नावाचा तो मुष्टियोद्धा हसला, आणि ते हसू पुढं दोन दात कमी घेऊन त्यानं आयुष्यभर बाळगलं. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो तिच्या पत्त्याचा. चाळीस वर्षं संसार केला. तो अंथरुणात, झोपेत, शांतपणे मेला तेव्हा अख्ख्या गावाला आश्चर्य वाटलं.

आणि मग ती लढाई. नव्वदच्या दशकातलं एक वर्ष असं आलं, की सगळीकडच्या शिंपल्या मेल्या आणि आमच्याच खाडीत तेवढ्या राहिल्या. बाहेरच्या शहरांतून टोळ्या आल्या. चाळीस गाड्या, दीडशे माणसं; बारक्या शिंपल्यासुद्धा खरवडून न्यायला लागली. सात दिवस वाळूवर दाताळी, फावडी, साखळ्या चालल्या. दोन ट्रॅक्टर जळाले. एकाचा कान गेला, तो ओहोटीनंतर सापडला, पण कोणाचा ते ठरवण्यात इतका वेळ गेला की शिवता आला नाही. टेगवेननं एका दांडगटाचा हात कोपरातून मोडला. त्यानं तेरा वर्षांच्या पोरीच्या अंगावर गाडी घातली होती. न्यायाधीशांनी कारण ऐकलं, मान हलवली आणि तरी शिक्षा दिली. त्या लढाईनंतर शिंपल्यांचे परवाने आले, आणि परवान्यांबरोबर नियम: मारहाणीबद्दल दोनदा ठपका आलेल्याचा परवाना रद्द, कायमचा.

टेगवेनवर एक ठपका होता. व्हिटकोमसाहेबांचं नाक हा दुसरा.

परवाना गेला की वाळू गेली. आणि वाळूवाचून टेगवेन म्हणजे काय, हे सांगायला शवपेटीवाल्या एमलिनची गरज नव्हती. तिच्या बापाचं वाळूवर जाणं बंद झालं तेव्हा तो चार महिन्यांत गेला होता, तो काही दुखणं नसताना.

*

मास्तर आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. नवव्या दिवशी मटण संपलं.

खाटीक हाइन हा टेगवेनचा भाचा. मान नावाचा अवयव नसलेला, रग्बीत पुढच्या फळीत खेळून दोन्ही कान कोबीसारखे झालेला. मास्तरांचा जुना विद्यार्थी. त्यानं दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही हे पाहिलं, दाराची पाटी उलटी केली, हातातला सुरा शांतपणे लाकडात रोवला आणि मास्तरांची कॉलर धरून त्यांना थंड खोलीच्या दारावर उचलून टेकवलं. शेजारी दोन मेंढ्या टांगलेल्या होत्या. मास्तर तिसरे.

“सर, गुड मॉर्निंग.”

“हाइन, बाळा, श्वास—”

“बोपानं विनाकारण मारलं म्हणून लिहून दिलंत?”

“मी तसं नाही... मी फक्त अर्धा तास—”

“अर्धा तास होता म्हणजे धोका नव्हता. धोका नव्हता म्हणजे विनाकारण. तुम्हीच शिकवलंत, एकातून दुसरं निघतं.” त्यानं मास्तरांना आणखी दोन इंच वर सरकवलं. “बोपानं जन्मात कोणाला विनाकारण मारलेलं नाही. मला अकरा वेळा मारलंय. अकराच्या अकरा कारणं सांगतो, ऐकायची आहेत?”

“नको.”

“सर, होता का हो अर्धा तास?”

एका मेंढीचा थंड खूर मास्तरांच्या कानाला लागत होता. हाइननं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, मग त्यांना खाली ठेवलं, कॉलर झटकली, आणि अर्धा शेर मटण बांधून दिलं.

“तिला वकिलानं विचारलं, पोलिसानं विचारलं, पाद्रीबुवांनी हात धरून विचारलं,” तो म्हणाला. “तोंडच उघडत नाही म्हातारी. नुसती शिंपल्या चाळते. पाणी कुठवर होतं एवढं सांग म्हटलं, तर मलाच चाळण फेकून मारली. म्हणजे बारा झाल्या.”

त्या आठवड्यात मास्तरांच्या खिडकीतून एक दगड आत आला. मग दुसऱ्या खिडकीतून दुसरा. दोन्ही दगडांवर चिठ्ठी नव्हती. गावाचं म्हणणं थोडक्यात होतं.

मास्तरांना दगडांची भीती नव्हती. रोज सकाळी ते कोटाच्या बिल्ल्याला ब्रासो लावून घासत आणि विचार करत. खरं सांगितलं तर हा जाणार. चौदा माणसं मारायला निघालेल्याच्या हाती पंधरावं कोण देणार? शनिवार जाणार. आठवड्याचे सातही दिवस सारखेच होणार. आणि गावपत्रिकेतली ती चार पत्रं! लोक ती फलकावर लावतील. घासून घासून बिल्ल्यावरचा पक्षी दिसेनासा झाला.

*

परवाना समितीची सुनावणी घटनेनंतर बरोबर दोन आठवड्यांनी, शनिवारी एक वाजता, चॅपेलच्या मागच्या खोलीत भरली. मधे तीन सभासद. अध्यक्षस्थानी मॅडॉक्सबाई, बारीक, पांढऱ्या, बोलताना पेन्सिल टोचणाऱ्या. एका बाजूला व्हिटकोमसाहेब, नाकावर पट्टी, हात गळ्यात, शेजारी तरुण वकील. दुसऱ्या बाजूला टेगवेन, एकटी, रविवारचा काळा कोट घालून, लाल भेगाळलेले हात मांडीवर. मागं अख्खं गाव. हाइन दाराला पाठ लावून उभा, म्हणजे दार बंदच.

व्हिटकोमसाहेबांनी सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. पाणी मांडीला होतं. मार्गदर्शक म्हणाले अर्धा तास आहे. बाईनं आधी इतरांना झोडलं, मग त्यांचं नाक फोडलं, मग हाड. “मी आजही झोपेत दचकतो,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर कापला.

“मिसेस हॅवर्ड, तुमचं म्हणणं?” मॅडॉक्सबाईंनी पेन्सिल रोखली.

टेगवेन खिडकीबाहेर बघत राहिली.

“काहीच नाही? हे नोंदवावं लागेल.”

“नोंदवा,” टेगवेन म्हणाली.

मास्तर उठले. गुडघे वाजले ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

“माझं गणित चुकलं होतं,” ते म्हणाले. “तास चोपड्यात मिळवलेला होता. मी पुन्हा मिळवला. अर्धा तास नव्हता. पाच मिनिटंसुद्धा नव्हती. मला त्याच दिवशी कळलं. मी गप्प बसलो.”

मागून एक म्हातारा स्पष्ट म्हणाला, “चार पत्रं लिहिली होती यानंच!”

तरुण वकील हसत उभा राहिला. “सर, तुमच्या खिडक्या फुटल्या म्हणे?”

“दोन.”

“आणि आज तुम्हाला वेगळं आठवतंय. योगायोग! पहिला जबाब सहीनिशी आहे. दोन्हींपैकी खरा कोणता, हे समितीनं कसं ठरवायचं?”

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक पंचावन्न. आणि बत्तीस वर्षांत कधी न सुचलेली गोष्ट त्यांना सुचली. इतिहास सांगायच्या ऐवजी दाखवायची.

“आज पुन्हा उधाण आहे,” ते म्हणाले. “पंधरा दिवसांनी तीच ओहोटी, जवळपास त्याच घटकेला. हे साहेब उभे होते तिथं मी ही खुर्ची ठेवतो. सव्वादोनला. किती वेळ टिकते, बंधाऱ्यावरून बघा.”

“ती खुर्ची अठराशे बहात्तरची आहे!” चॅपेलचे कारभारी ओरडले, पण मास्तर खुर्ची डोक्यावर घेऊन निघालेही होते.

सगळं गाव बंधाऱ्यावर उभं राहिलं. वाळू कोरडी, सोनेरी, निरागस दिसत होती. व्हिटकोमसाहेब वकिलाला म्हणालेसुद्धा, “पाहिलंत? पाणी कुठंय?” मास्तर लहान लहान होत नळ्याच्या मधोमध पोहोचले. त्यांनी खुर्ची ठेवली आणि सवयीनं तिच्या पाठीवर हात टेकून, वर्गात राहत तसे उभे राहिले. तीन मिनिटं थांबायचं, मग वळायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

पण आयुष्यात पहिल्यांदाच ते नळ्यात क्षितिजाकडे न बघता नळ्याकडे बघत होते. पाणी आलं ते दोन्ही टोकांनी, जिभा बाहेर काढून, फुसफुसत. खुर्चीच्या चार पायांभोवती चार भोवरे झाले. खुर्ची एका बाजूनं कलली. वाळूनं एक पाय ओठांत घेतला, मग दुसरा. मग लाट आली, ती मास्तरांच्या छातीवर माणसानं लाथ घालावी तशी. ह्यात चौदा जणांना मी आणून उभं केलं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. वळायचं राहून गेलं. पाय हलवून पाहिला, हलला नाही.

बंधाऱ्यावर बायका ओरडायला लागल्या.

पहिला फटका मास्तरांच्या पाठीत बसला तो असा, की फुफ्फुसातली सगळी हवा समुद्रावर निघून गेली.

“चाल!”

काळा रविवारचा कोट कमरेपर्यंत भिजलेला. टेगवेन आपलं दाताळं उचलून कधी मागून निघाली होती कोणालाच कळलं नव्हतं. दुसरा फटका बरगड्यांवर. आत काहीतरी मोडलं. वेदनेनं मास्तर उडाले, आणि उडाले म्हणूनच डावा पाय सुटला. तिसरा मांडीच्या मागं. उजवा सुटला.

“बोपा, मरतो मी!”

“मर! चालत मर!”

चौथा, पाचवा, सहावा. ते पडले की दांडा, थांबले की दांडा, तिच्याकडे वळले की तोंडावर थप्पड. मागं खुर्ची एकदा उसळून वर आली, लाटेनं ती मासे धरायच्या जुन्या खुंटांवर नेऊन आदळली, आणि अठराशे बहात्तर सालाचे तुकडे तुकडे झाले. टेगवेननं मास्तरांना कठीण वाळूवर आणून ओल्या गोणीसारखं टाकलं आणि स्वतः दाताळ्यावर रेलून खोकत राहिली.

बंधाऱ्यावर मॅडॉक्सबाईंनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, चालू आहे ना म्हणून. “सात मिनिटं,” त्या म्हणाल्या. मग पेन्सिल व्हिटकोमसाहेबांकडे न टोचता नुसती रोखली. “आपण ज्या जागी हरकत घेत उभे होतात, ती जागा आता कुठं आहे, दाखवता?”

व्हिटकोमसाहेब फेसाकडे बघत होते. चेहरा पट्टीहून पांढरा झाला होता. ते कोणाशी काही न बोलता बंधारा उतरले, चांगल्या हातानं वाळू चाचपत टेगवेनपाशी गेले आणि तिच्यासमोर उभे राहिले. मारेल या भीतीनं त्यांनी डोळे मिटले होते. मग मान खाली घातली आणि तसेच परतले. वकिलाला त्यांनी फक्त “चला” म्हटलं.

परवाना राहिला. कारभाऱ्यांनी खुर्चीबद्दल तक्रार केली ती कोणी ऐकली नाही. मास्तरांनी बिल्ला तिथंच काढून हाइनच्या हातात दिला, पोस्टात टाकायला. हाइननं तो खिशात घातला आणि म्हणाला, “सर, मटण लागलं तर दुकानात या. उचलणार नाही.”

रुग्णवाहिकेला यायला वेळ होता. टेगवेन ट्रॅक्टर घेऊन आली आणि मास्तरांना मागच्या गाडीत गोण्यांवर आडवं केलं. तीन बरगड्या गेल्या होत्या, ओठ फाटला होता, श्वास घेतला की आत सुऱ्या फिरत होत्या. कड्याखालच्या वाटेनं ट्रॅक्टर खडखडत निघाला. प्रत्येक खड्ड्याला मास्तर कण्हत आणि टेगवेन वेग वाढवी.

“बोपा,” चढणीवर ट्रॅक्टर जरा मंदावला तेव्हा ते कसेबसे म्हणाले, “तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाणी तुम्ही पाहिलं होतं. एक शब्द बोलला असतात, तर वाळू जायची पाळीच आली नसती. दोन आठवडे तोंड का नाही उघडलंत?”

टेगवेननं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

“गणित तुझं चुकलं होतं मास्तर, मी का बोलू?”